एका हाताने मिटणारी बाबागाडी

सूनबाई,

दाराशी बाबागाडी ठेवली आहे, ती विमानात जवळ ठेवता येते. तुम्ही दोघी झोपल्या होतात, म्हणून उठवलं नाही.

दुकानदार मोठ्या चाकांची, गुबगुबीत गादीची दाखवत होता. मी विचारलं, "एका हाताने मिटते का?" तो म्हणाला, "आजोबा, दोन हात लावले की पटकन मिटते." दुसऱ्या हातावर ठकी असणार आणि तिला धरायला सोबत कुणी नसणार, हे त्याला कुठे सांगत बसू? तिथलीच एक मोठी बाहुली कडेवर घेतली आणि चार गाड्या मिटून पाहिल्या. लोक हसले. हसू देत. ही सगळ्यांत हलकी निघाली. दांड्यावरचं बटण दाबून खाली ढकल, की मिटते. चाकं लहान आहेत, खड्डा दिसला की उचलून घे.

ठकी आधी बसायची नाही, रडेल. माझा लेक होता तोवर ती त्याच्या खांद्यावरून कधी उतरलीच नाही. तिला रागावू नकोस.

तिकडची नोकरी घेतलीस, ते बरंच केलंस. सासूबाई बोलत नाहीत, ते मनाला लावून घेऊ नकोस. त्या कुणाशीच बोलत नाहीत आता.

टॅक्सी सांगून ठेवली आहे. मी निरोपाला थांबत नाही. ठकी माझ्याकडे झेपावली, तर तिला परत तुझ्याकडे देणं मला जमायचं नाही.

पोचलीस की फोन कर. मी उचलला नाही, तर थोड्या वेळाने पुन्हा कर.

अण्णा