कुंकवाचं बोट

भरे गाव, खंडेनवमी, संध्याकाळ

डोकं अजून तापलेलंच आहे. कणांच्या झोताला जराही न शिवता त्याचा आकार टिपणारं यंत्र आम्ही दोन वर्षं घडवतोय. त्याच्या नळीला आतून कधी उघडा हात लावला नाही. आणि आज वर्कशॉपातल्या पूजेत साहेबांनी कुंकवाचं बोट थेट नळीच्या आत ओढलं! मी म्हटलं, "सर, बाहेरून लावा." तर म्हणे, "देवाला बाहेर ठेवायचं का?" सगळे हसले. त्या एका बोटाचं तेल आणि कुंकू आत वायू सोडत राहणार, निर्वात पोकळी टिकणार नाही. सगळं खोला, धुवा, पुन्हा तापवा!

घरमालकीण काकूंना तावातावाने सांगितलं. त्या म्हणाल्या, "आन् नळी उघडी कुनी ठिवली व्हती?"

मीच. फोटो छान यावा म्हणून.