चांपो म्हणजे चेप

लीड्स

आई, तुझ्या पायांवर डोकं ठेवून लिहिते.

मी बरी आहे. वृद्धाश्रमातलं काम जमतंय, थंडीचीही सवय झाली. प्रकाशा गावी तापीच्या घाटावर अजून जातेस का गं?

परवा एक गंमत झाली. इथल्या एका आजोबांचे केस धूत होते. ते म्हणाले, "शॅम्पू करणं हा शब्द आम्ही तुमच्याकडूनच आणला. आधी त्याचा अर्थ होता अंग चेपणं. तुमच्याकडचं 'चांपो', म्हणजे 'चेप'. हुकूमच होता तो!"

ते हसले. मीही हसले. मग बाहेर जाऊन रडले.

शेतातून दमून आलीस तरी बाबांचं "छबू, पाय चेप वं" ऐकून तू उठायचीस. तसं आयुष्य नको म्हणून मी भांडून शिकले, इतक्या लांब आले. गावात तू सांगतेस, माझी मुलगी तिकडे नर्स आहे. इथे मी केस धुते, पाय चोळते, घंटी वाजली की उठते.

बाबांना यातलं काही बोलू नकोस. पण आज त्यांनी हाक मारली, तर एकदा तरी उठू नकोस. फोन करून मला तेवढंच सांग.

तुझी,
रंजिता