आर्याच्या गाठीचा रिपोर्ट

मंगळवार, संध्याकाळ

सात वर्षांच्या आर्याच्या मेंदूतल्या गाठीचा जनुकीय रिपोर्ट आज आला. सूक्ष्मदर्शकाखाली गाठ सौम्य दिसली होती, म्हणून गेल्या आठवड्यात मीच तिच्या आईला धीर दिला होता. कशाला दिला? गाठीतल्या एका जनुकात बदल निघाला. तो असला की गाठ दिसायला कितीही सौम्य असो, ती वाईटच.

आई गडमुडशिंगीहून एकटीच आली होती. मी तोंड उघडायच्या आधीच तिनं विचारलं, "डॉक्टर, माझ्याकडनं आलंय काय हे पोरीला? सासूबाई म्हणत्यात, तुझ्याच रक्तात हाय."

"नाही. हा बदल फक्त गाठीत झालाय. तुमच्याकडून काहीच आलेलं नाही."

"खरं न्हवं?" ती रडत होती, हसतही होती. "मग बरी हुईल की!"

आता पुढचं कसं बोलायचं? आर्याला पूर्ण बरं करणारं औषध नाही, रेडिएशननं फार तर काही महिने मिळतील... शेवटी बोललो. तिनं पिशवीतून मोबाइल काढून माझ्यापुढं धरला. मग म्हणाली, "सासूबाईंस्नी फोन लावता? माझ्याकडनं न्हाय आलं, एवढं तुम्हीच सांगा."

मी फोन लावला, आणि तेवढंच सांगितलं.