तिसरा टक

३ मार्च, सोमवार
आजपासून रोज एक पान लिहायचं. रडगाणं नाही.
गाडी सुरू होते, पण जागची हलत नाही. इंजिन नुसतं ओरडतं. मुलीचा फोन आला. म्हणाली, आई, बाबांना जाऊन चौदा महिने झाले आणि तू अजून रोज ती गाडी पुसतेस. तेवीस तारखेला मी येते. गाडी आपली आपण फाटकाबाहेर आली तर ठेव, नाहीतर सोमवारी भंगारवाला. मी हो म्हटलं. मला गाडी बाजारहाटासाठी हवी आहे, आठवणीबिठवणीसाठी नाही. लायसन्स आहे माझं. वापरायची वेळ आली नाही, एवढंच.

५ मार्च, बुधवार
गॅरेजवाले येऊन गेले. ह्यांचे जुने दोस्त. म्हणाले, वहिनी, टॉर्क कन्व्हर्टर गेला. म्हणजे इंजिन आणि गिअरबॉक्सच्या मध्ये बसणारा, तेलाने भरलेला लोखंडी भोपळा. जुना आता मिळत नाही. नंतरच्या मॉडेलचा मिळेल, पण नवा भाग जुन्या गिअरबॉक्सला लावायचा म्हणजे कटकट. मी म्हटलं, बत्तीस वर्षं संसार केलाय, कटकटीचं मला सांगू नका.

८ मार्च, शनिवार
ह्यांच्या कपाटातून गाडीचं मॅन्युअल काढलं. शाळा चौथीत सुटली, पुढचं सगळं डिक्शनरी मांडीवर घेऊन वाचलंय. हेही वाचीन. रोज वीस पानं.
आज तीन झाली. समासात ह्यांच्या अक्षरात 'डावा नट घट्ट आहे, जपून' असं लिहिलंय. अक्षर लागायला वेळ गेला.

१२ मार्च
मॅन्युअल संपलं. आकृत्या सोडल्या. आकृत्या ज्यांना वाचता येत नाही त्यांच्यासाठी असतात.

१५ मार्च, शनिवार
कन्व्हर्टर आला. दाते जुळतात. नव्यात एक जास्तीची पकड आहे, वेगात लागणारी. जुन्या गिअरबॉक्सला ती वापरता येत नाही, नुसती बसून राहील. मी म्हटलं, राहू दे. मीही बसूनच असते.
गाडीत बसून पाहिलं. सीट ह्यांच्या पायांच्या मापाने मागे आहे. पुढे घेतली नाही, खटका कडक झालाय. पाठीला उशी घेतली. पाय तरी ब्रेकला पोचत नाही. सवयीने पोचेल.

१८ मार्च
गिअरबॉक्स खाली उतरवला. दिवसभर गॅरेजात होते. जिना उतरताना गुडघा वाजला. वयाने नाही, जिन्याच्या पायऱ्याच उंच आहेत.

२१ मार्च, शुक्रवार, दुपारी तीन
महत्त्वाचं काम झालं. कन्व्हर्टर फिरवत फिरवत गिअरबॉक्समध्ये ढकलायचा. तीन ठिकाणी दाते बसतात, म्हणून तीनदा टक व्हायला हवं. दोनच झाले आणि तसेच बोल्ट आवळले, तर आतला तेलाचा पंप फुटतो. गॅरेजवाल्यांचे कान चाळीस वर्षांच्या ठोकाठोकीत गेलेत. म्हणाले, वहिनी, मी ढकलतो, तुम्ही ऐका. मी उकिडवी बसून कान लावला. टक. टक. मग बराच वेळ काही नाही. मी जरा पुढे सरकले, तेवढ्यात तिसरा. अगदी स्पष्ट. ते म्हणाले, कितपत आत गेलाय ते पट्टीने मोजून घेऊ का? मी विचारलं, माझ्या कानांवर विश्वास नाही? त्यांनी पट्टी परत खिशात घातली. बायकोने चांगलं वळण लावलंय.
बोल्ट आवळताना जड गेले. नवा माल, जाणारच.

२२ मार्च
गाडी घरी आणली, टेम्पोला बांधून. सुरू करायचा मान मुलीला द्यायचा असं ठरवलंय. उद्या बाजारातून काय काय आणायचं त्याची यादी केली.

२३ मार्च, रविवार
मुलीने किल्ली फिरवली. मिक्सरमध्ये खडे टाकल्यासारखा आवाज. खाली लाल तेलाचं थारोळं. गाडी तसूभर हलली नाही.
गॅरेजवाले वाकून बघत म्हणाले, पंप गेला. वहिनी, तिसरा नक्की ऐकलात? मी म्हटलं, नक्की. अशी बसले होते, अशी सरकले. आणि करून दाखवलं.
टक.
मुलीने ऐकला. गॅरेजवाल्यांनीसुद्धा ऐकला.
मुलगी माझ्या गुडघ्याकडे बघत तिथेच पायरीवर बसली आणि पोट धरून हसली. मीही हसले. मग ती आत बसली, ह्यांच्या जागेवर. तिचेही पाय पोचले नाहीत. स्टिअरिंगवर हात ठेवून बराच वेळ बसली. सीट पुढे घे असं मी म्हटलं नाही. तिनेही खटक्याला हात लावला नाही.

२४ मार्च, सोमवार
ठरल्याप्रमाणे भंगारवाला येऊन गाडी घेऊन गेला. त्याआधी मुलगी म्हणाली, आई, सीट तेवढी काढून घेऊ या. चार बोल्ट. ते मी एकटीने काढले, कुणाला काही ऐकायला लागलं नाही. गॅरेजवाल्यांनी लाकडी चौकट ठोकून दिली. सीट खिडकीपाशी ठेवली आहे. गुडघ्याला उंच आसन बरं असतं, असं कुठेतरी वाचलंय.
अजून सगळ्यात मागच्या खाचेवरच आहे. खोलीत पुढे-मागे करायचं काही कारण नाही.