फ्लेक्सवरचे दोन पाय

बाबा, आपल्या फाट्यावर परवा जो फ्लेक्स लागला, त्यावर तुम्ही माणसाएवढे, जमिनीला टेकलेल्या दोन्ही पायांवर उभे आहात. चेहरा तुमचाच, लग्नातल्या फोटोतून उचललेला, मिशीसकट. खालचं धड मात्र दुसऱ्याच कुणा तगड्या जवानाचं. छाती पुढे, हातात बंदूक, पायात चकचकीत बूट. डोक्यावर मोठ्या अक्षरांत 'शहीद', आणि कडेला हात जोडलेली पाच-सहा तोंडं, तुमच्यापेक्षा ठळक. ही तोंडं कुठल्या मोसमात उगवतात हे तुम्हाला सांगायला नको. तुम्ही तर फौजेतून एक पाय गमावून जिवंत परत आलात, कुबड्यांवर उभं राहून वर्षानुवर्षं पिठाची चक्की चालवलीत, आणि एका सकाळी आईच्या हातचा चहा पिऊन घरातल्या खाटेवर प्राण सोडलात. त्यालाही आता किती काळ लोटला. एवढ्या काळात कुणाला आठवण झाली नाही ती आताच का झाली, हा प्रश्न माझ्या मनात सगळ्यांत आधी आला. संशय घ्यायला मी तुमच्याकडूनच शिकले.

शाळेतला तो पंधरा ऑगस्ट मला अजून दिसतो. तुम्हाला खुर्चीवर बसवलंय, पायजम्याची एक बाजू दुमडून पिन लावलीय, कुबड्या मी धरून उभी आहे. गुरुजी भाषणात रंगात आलेत. शत्रूशी लढता लढता या वीरानं पाय दिला, असं ते म्हणतात आणि टाळ्या पडायच्या आत तुम्ही खुर्चीतूनच बोलता, "गुरुजी, म्या पानी आनाले गेलतो. सुरुंगावर पाय पडला. लढाई-बिढाई काही नवती." मला तेव्हा लाजही वाटली आणि अभिमानही, कशाचं प्रमाण जास्त होतं ते आजही सांगता येणार नाही. त्याच संध्याकाळी, ज्यांनी तुम्हाला शाल पांघरली ते पुढारी गव्हाचं पोतं घेऊन चक्कीवर आले आणि रांग सोडून थेट पुढे घुसले. तुम्ही पट्टा चालू ठेवून म्हणालात, "शाल पाह्यजे तं वापस घेऊन जा भाऊ, पन नंबर लाव." नंतर पीठ झटकता झटकता मला सांगितलंत, "मले कोनी हार घातला का माय, मी त्याचा दुसरा हात कुठी हाये थे पाह्यतो."

म्हणून मीही दुसरा हात शोधला. फार शोधावं लागलं नाही. मी बुलढाण्याहून आले तर सरपंच ओसरीवर हजरच होते. आवाज अगदी मधाळ. "ताई, फौजीकाकाचं नाव कायमचं राहीन. चक्कीची जागा तशीबी पडेलच हाये. पुढं पुतळा बसवू, मांगं चार गाळे काढू."

"गाळे कुणाचे?"

"गावाचेच म्हना ना."

"आणि पुतळ्याला पाय किती?"

ते हसले, मग मी हसत नाही हे बघून थांबले. "आता ताई, एका पायाचा पुतळा चांगला दिसन का? लेकरायले प्रेरणा भेटली पाह्यजे."

मला भयंकर राग आला. या देशासाठी तुमचं जे गेलं ते तेवढंच तर होतं, आणि सन्मान करताना नेमकं तेवढंच यांना नको होतं. आईला पुढे करायचं मी ठरवलं. ती एकदा तोंड उघडते तेव्हा समोरचा पळतो. म्हटलं, हा फ्लेक्स आजच्या आज तिच्याच तोंडून उतरवून घेऊ. तिला धरून फाट्यावर नेलं, सरपंचही मागोमाग आले.

आई फ्लेक्ससमोर उभी राहिली. डोळ्यांवर हाताची सावली धरून तिनं वरपासून खालपर्यंत पाहिलं आणि बुटांपाशी तिची नजर थांबली. मग हळूच म्हणाली, "लगनात असेच उभे होते."

"आई, ते धड दुसऱ्याचं आहे."

"मले काय समजत नाही का? माह्या नवऱ्याचं धड मी वयखत नाही?" मग ती सरपंचांकडे वळली. "जागा मी देत नाही. थो शहीद शब्द काढा, खोटं हाये थे. पन फोटो राहू द्या."

"मावशी, जागाच नाही तं फोटो कायले ठेवता?" सरपंच चिडून म्हणाले. मधाळपणा संपला होता.

"मले पाह्याले," आई म्हणाली.

ते गाडीला किक मारून निघून गेले. संध्याकाळी कुणीतरी येऊन 'शहीद'वर पांढरा कागद चिकटवला आणि स्वतःची तोंडं तेवढी तशीच ठेवली. परतताना आई वाटेत मला म्हणाली, "तू झाली तवा एकच पाय होता त्यायले. दोन पायायचा तुहा बाप गावात आता फक्त मलेच ठाऊक हाये." तुमच्या खरेपणाचा झेंडा घेऊन मी बुलढाण्याहून आले होते, आणि तिचं दुःख माझ्या जन्माआधीचं निघालं. तुम्ही असतात तर तो फ्लेक्स स्वतः कुबडीनं फाडला असतात. की तिच्याकडे बघून गप्प बसला असतात? मला नक्की सांगता येत नाही, आणि तुम्हाला विचारायची सोय नाही.

हे कागद मी कुणाला दाखवणार नाही, आईला तर नाहीच. पण एक तुम्हाला सांगते. आज सकाळी एसटीची वाट बघताना फाट्यावर दुसरं कुणी नव्हतं. तुम्ही कायम कुबड्यांवर वाकलेले, त्यामुळे तुमची उंची मला कधी कळलीच नाही. मी त्या फ्लेक्सला पाठ लावून उभी राहिले. माझं डोकं त्या परक्या माणसाच्या खांद्याला टेकलं, आणि एसटी आली तरी मला तिथून हलावंसं वाटेना.