मागच्या सीटची परीक्षा

रविवार, २६ जुलै २००९
संध्याकाळ, घरून

प्रिय आई,

गुडघा कसा आहे? तो नवा मलम लागू पडतोय, की डॉक्टरांना बरं वाटावं म्हणून नुसतंच "हो हो" म्हणताय? इकडे मका माझ्या डोक्याच्या वर गेलाय आणि टोमॅटो एकदम पिकायला लागलेत, कोण खाणार एवढे देव जाणे. परवा तुमच्या पद्धतीनं खसखस भरून गोड कोलाचे भाजले. खाली थोडे करपले. करपलेले मीच खाल्ले, म्हणजे पुरावा उरला नाही.

फोन केला असता, पण फोनवर तुम्ही "काय? काय?" करता, मग मला ओरडावं लागतं. आणि आजचं सगळं ओरडून सांगण्यासारखं नाही. म्हणून पत्र.

काल मी मोटारसायकलींच्या मेळाव्याला गेले होते. हो, तोच, जत्रेच्या मैदानावरचा. तुमचा ड्वेन वारल्यापासून तिकडे फिरकले नव्हते. सगळं तसंच आहे हो. तीच लोणी थापलेली कणसं, तेच काडीला लावलेले पोर्क चॉप, पोटं सुटलेली तीच माणसं कातडी जाकिटात कोंबलेली. यंदा कंपन्यांचे मोठमोठे ट्रक आले होते. नाव नोंदवायचं, मनगटाला पट्टी बांधून घ्यायची आणि आवडेल ती गाडी चालवून बघायची. पुढं कंपनीचा माणूस, शेवटी कंपनीचा माणूस आणि मधे सगळे बदकांच्या पिल्लांसारखे रांगेनं. कुणी कुणाच्या पुढं घुसायचं नाही.

तुम्ही म्हणाल, मार्लिस, तुला कुठं गाडी चालवता येते? नाहीच येत. मी मागच्या सीट तपासायला गेले होते. इथल्या एकाला नवी गाडी घ्यायची आहे, आणि मागची सीट कशी आहे हे पुढं बसणाऱ्याला जन्मात कळत नाही. उभं आयुष्य मागं बसलेली बाई गावात माझ्याशिवाय दुसरी कोण आहे? म्हणून मला नेलं. एवढंच.

पहिली गाडी म्हणजे दिवाणखानाच होता. पाठीला उशी, हाताला टेकण, कानाशी रेडिओ. मला डुलकी लागली! उतरल्यावर त्यानं विचारलं, "कशी होती?" मी म्हटलं, "झोप छान झाली. तू चालवत होतास का?" ती बाद.

दुसरी लालभडक, पोरांची असते तसली. मागची सीट म्हणावी तर बशीएवढी. माझे गुडघे कानाशी आणि प्रत्येक ब्रेकला मी सबंध त्याच्या पाठीवर. तिसऱ्या ब्रेकला तो म्हणतो, "मार्लिस, मला गाडी आवडायला लागलीय." मी हेल्मेटवर एक चापट दिली.

तिसरी उंटासारखी उंच. चढायला दुधाचा क्रेट आणला, तरी पाय पलीकडे जाईना. शेवटी कंपनीच्या दोन पोरांनी मागून ढकललं आणि रांगेतल्या सगळ्यांनी टाळ्या वाजवल्या. तिथली नाव नोंदवणारी मुलगी हसून हसून बेजार झाली. तिनं डोळे पुसत विचारलं, "तुम्ही नवरा-बायको का?" तर हा म्हणतो, "अजून नाही."

आई, आता लपवण्यात काय अर्थ आहे.

त्याचं नाव ऑर्विल टॉलेफसन. नदीपलीकडे राहतो, जन्मभर टपाल वाटलं, आता निवृत्त आहे. बायको जाऊन सहा वर्षं झाली. मागच्या वर्षी तो ड्वेनची गाडी विकत घ्यायला आला होता. मी म्हटलं, विकायची नाही. "बरं," म्हणाला, "पण बॅटरी मरेल." मग बॅटरीला चार्जर लावायला आला. पुढच्या आठवड्यात टायरमधली हवा बघायला. मग म्हणे कार्बोरेटर साफ करायला हवा. आई, त्या गाडीची एवढी सेवा ड्वेननंसुद्धा केली नव्हती. कार्बोरेटर माणूस किती वेळा साफ करेल? शेवटी मीच म्हटलं, "कॉफी प्यायची असेल तर तसं सांग की."

एप्रिलमध्ये त्यानं लग्नाचं विचारलं. मी उत्तरच दिलं नाही. तो म्हणाला, "सावकाश सांग." आणि एक सांगितलं. ड्वेनच्या गाडीवर मला मागं बसवून तो कधी नेणार नाही. "ती चालू ठेवीन, पुसून ठेवीन. पण तिच्या पुढच्या सीटवर माझी जागा नाही. आपल्याला आपली वेगळी गाडी हवी, आणि ती तू निवडायची. मागची सीट बघून." म्हणून कालचा सगळा खटाटोप.

मागं बसणारीला माणूस पाठीवरून कळतो, आई. तुमचा मुलगा खड्ड्यातून गेल्यावर "धर!" म्हणून ओरडायचा. आधी कधीच नाही! मी हाडं मोजत बसायची आणि दोघं हसायचो. मला ते आवडायचं. अजून आठवलं की हसू येतं, आणि मग रडूही येतं. ऑर्विल खड्ड्याच्या आधी हात मागं करून माझ्या गुडघ्यावर हलकेच थोपटतो. काल पहिल्यांदा थोपटलं तेव्हा मला ड्वेनशी बेइमानी केल्यासारखं वाटलं. दुसऱ्यांदा बरं वाटलं. हे तुम्हाला लिहावं की नाही कळत नाही, पण तुम्हाला नाही तर कुणाला लिहू?

एप्रिलपासून का गप्प होते, तेही सांगते. ईस्टरला मी तुमच्या वृद्धाश्रमात आले तेव्हा त्या नव्या नर्सनं, पॉलेटनं, विचारलं, "ही तुमची मुलगी का?" तुम्ही ताठ बसून म्हणालात, "मुलगी नाही, सून. ड्वेनची बायको." मला केवढा अभिमान वाटला. घरी येताना मनात आलं, ड्वेनची बायको राहिले नाही, तर मी तुमची कोण? माझी आई मी नऊ वर्षांची असताना गेली. त्यानंतर मी कुणाला आई म्हटलं असेल तर तुम्हालाच. नवरा मिळवायचा आणि आई घालवायची, असला सौदा मला नको होता. ऑर्विलला हे सांगितलं नाही. नुसती टाळत राहिले.

तर काल शेवटची गाडी. जुन्या घाटाची, बाजूला तिसऱ्या माणसासाठी साइडकार लावलेली. ऑर्विलनं साइडकारवाली कधीच चालवली नव्हती. मैदानात उजवीकडे वळवली तर रिकामी साइडकार हवेत! मी किंचाळले, लोक पांगले, कंपनीचा माणूस हात हलवत धावत आला. "अहो काका, रिकामी नेऊ नका! त्यात वजन हवं. काकूंना बसवा."

मी म्हटलं, "काकू मागंच बसणार. काकू मागची सीट तपासायला आल्यात."

मग त्यानं वाळूची दोन पोती आणली, साइडकारमध्ये एकावर एक बसवली आणि पट्ट्यानं आवळली. कुणीतरी वात्रटानं वरच्या पोत्याला हेल्मेट घातलं. निघालो. मक्याच्या शेतांमधून, रांगेत सगळ्यांच्या मागं. ऊन मस्त, वारा मस्त. मी डावीकडे बघतच नव्हते. मला उजवीकडची ती पोती दिसत होती, ताठ बसलेली, हेल्मेट जरा तिरकं. राग मानू नका आई, पण थेट तुमची आठवण आली. एकटीच हसत सुटले.

ऑर्विलला पाठीतून माझं हसणं कळलं. ओरडून विचारलं, "काय झालं?"

"काही नाही!"

थोडं पुढं गेल्यावर पुन्हा ओरडला, "हीच घेतली तर पोती कायम न्यायची का?"

मी पोत्यांकडे बघितलं.

मग तो म्हणाला, "तुझ्या सासूबाईंना वारा चालतो का?"

आई, मी त्याला काहीच सांगितलं नव्हतं हो. एक अक्षर नाही. त्याच्या कानाशी तोंड नेऊन "हो" म्हणाले. तो म्हणतो, "हो म्हणजे वारा चालतो?" मी म्हटलं, "नाही रे बाबा, एप्रिलचं हो!" त्यानं गाडी अशी डुलवली की मागचा कंपनीचा माणूस भोंगा वाजवायला लागला. हेल्मेटच्या आत मी हसतही होते आणि रडतही होते, आणि नाक पुसायची सोय नाही.

गाडी ठरवली. ऑगस्ट संपता संपता लग्न, चर्चच्या तळघरात, थोडक्यात.

पुढच्या रविवारी दहा वाजता आम्ही दोघं गाडी घेऊन तुमच्याकडे येतो आहोत. तुम्हाला पटलं नाही, तर बाहेर येऊ नका. मी समजेन, आणि नेहमीसारखी गुरुवारी एकटी येईन. ते मी सोडणार नाही, तुम्ही दार लावून घेतलंत तरी.

पुढं काय म्हणून सही करू, ते तुम्हीच सांगा.

मार्लिस

—

बुधवार, २९ जुलै

मार्लिस,

पॉलेटकडून लिहून घेते आहे. माझा हात कापतो. वाटेल तसं लिहू नकोस असं तिला बजावलंय.

एवढं लांबलचक पत्र! एप्रिलपासून पोटात ठेवलंस म्हणूनच कोलाचे करपले. खाली ओला कागद घालायचा, किती वेळा सांगितलं.

ड्वेन माझा मुलगा. तू कुणाशीही लग्न केलंस तरी तो तेवढाच माझा आणि तेवढाच तुझा. रोज सकाळी त्याची आठवण येते आणि रोज वाटतं, त्याची बायको त्या घरात एकटी जेवत असेल. ते मला बघवत नव्हतं. मी म्हातारी, मी कसं सांगणार की जा, लग्न कर? तुला वाटलं असतं, सासूला मी नकोशी झाले. आपण दोघीही मूर्ख.

टॉलेफसन म्हणजे नॉर्वेवाले. ते कॉफी पातळ करतात. पहिल्याच दिवशी सांग, नाहीतर जन्मभर पीत बसशील.

ड्वेनला मी कितीदा म्हटलं, मला एक चक्कर मारून आण. म्हणायचा, आई, तू पडशील. मेला घाबरट. आणि या परक्या माणसानं न मागता विचारलं. वारा मला चालतो, म्हणावं. पाऊसही चालतो.

मला पोत्याची उपमा दिलीस, ते मात्र लक्षात ठेवीन.

दहाला येऊ नका. दहाला इथले सगळे प्रार्थनेला जातात, मग मला गाडीत बसताना बघणार कोण? नऊला या. आणि भोंगा वाजवत या.

तुझी सासू,
आल्बीना