बोअरात पडलेली मोटर

शनिवार, वैशाख. अंबाजोगाई, संध्याकाळ

धातू कसे गंजतात यावरच्या परिषदेत आज मी निबंध वाचला. खोल बोअरचं खारं पाणी लोखंडी पाइप कसं खातं, हा विषय. नमुना आमच्याच चकलांब्याचा, सहकारी दूध संस्थेच्या बोअरचा. या दुष्काळात गावात तेवढ्याच बोअरला पाणी होतं. होतं.

टाळ्या थांबतात न थांबतात तोच धाकट्या भावाचा, दत्ताचा फोन. "अक्का, पाइप तुटला. मोटर बोअरात गेली. तिथं एवढे मोठे लोक हायेत, इचार की कुणाला, कशी काढावी?"

जेवणाच्या रांगेत मी सत्राच्या अध्यक्षांना गाठून विचारलं. त्यांनी हातातलं ताट खाली ठेवलं. म्हणाले, "बाई, तो का तुटला हे मी सांगू शकतो. मोटर कशी काढायची, ते मला खरंच माहीत नाही." त्यांचा राग येईना. मला तरी कुठं माहीत होतं? तोच पाइप सकाळी मी पडद्यावर मोठा करून दाखवला होता.

दुपारची भाषणं मी ऐकली, की नुसतीच बसले होते? मघाशी परत दत्ताचा फोन. गळ टाकून मोटर ओढताना दोर तुटला, मोटर मधेच आडवी अडकली, बोअर बुजलं.

"मग आता?"

"आता काय. सकाळी जनावरं घेऊन छावणीला निघतो. आई बी येतीय संगं."

"मी उद्या गावाकडं येते."

"येऊ नकोस, अक्का. घराला कुलूप असंल."